नॉर्दर्न डान्सर: एक बुटका घोडा आणि त्याच्या वंशाचा पसारा

मागच्या वेळी आपण थरोब्रेड या जातीचा उगम पाहिला. इंग्लंडात आणलेले ते तीन नर, बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन, आणि मग 1791 मध्ये वेदरबीनं छापलेलं वंशावळीचं पुस्तक, म्हणजे जनरल स्टड बुक. त्यातला एकच मुद्दा आज पुन्हा लागणार आहे, तेवढा आठवून ठेवू. हे पुस्तक जवळजवळ बंद आहे. आई आणि बाप दोघंही पुस्तकातले असतील, तर शिंगराचं नाव पुस्तकात चढतं. व्यवहारात बाहेरचं रक्त येत नाही. जे काही चांगलं-वाईट फिरायचं, ते आतल्या आत फिरतं.

आज आपण एकाच घोड्याबद्दल बोलणार आहोत. 2020 साली डब्लिनच्या संशोधकांनी जगभरातल्या दहा हजारांहून अधिक थरोब्रेडच्या जनुकांचा आणि वंशावळींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या 97 टक्के वंशावळींमध्ये एक नाव सापडलं: नॉर्दर्न डान्सर. हा घोडा 1961 साली जन्मला. म्हणजे तीनशे वर्षांच्या इतिहासात अगदी कालचाच म्हणायचा. एवढ्या थोड्या काळात एक घोडा एका जातीच्या जवळजवळ प्रत्येक घरात कसा पोचला, आणि त्याची किंमत काय पडते आहे, हे आजचे दोन प्रश्न.

सुरुवात कॅनडातून. एडवर्ड टेलर नावाचा बिअरच्या धंद्यात मोठा झालेला उद्योगपती. त्याच्या मनात होतं की कॅनडात पैदा झालेल्या घोड्यांनी जगात नाव काढावं. त्या काळी ही गोष्ट लोकांना थोडी हसण्यासारखीच वाटे. कॅनडाचे घोडे कॅनडात धावत, बक्षिसं बेताची, आणि अमेरिकेतले लोक त्यांच्याकडे ढुंकून बघत नसत. टेलरनं 1952 च्या डिसेंबरात न्यूमार्केटच्या लिलावातून लेडी अँजेला नावाची घोडी 10,500 गिनींना घेतली. ती त्या वेळी नेआर्को या इटलीत न हरलेल्या, त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या घोड्यापासून गाभण होती. पण टेलरनं वर अशी अट घातली की, ही व्याल्यावर तिला पुन्हा नेआर्कोकडेच फळवायची आणि मगच कॅनडाला पाठवायची. ही अट महत्त्वाची, कारण त्या दुसऱ्या खेपेचं जे शिंगरू 1954 मध्ये कॅनडाच्या मातीत जन्मलं ते नेआर्क्टिक, आपल्या नायकाचा बाप. वेगवान, पण तापट. जॉकीचं ऐकेल तर शपथ.

आईची गोष्ट वेगळी. नताल्मा. टेलरनं ती साराटोगाच्या लिलावात वर्षाची असताना 35 हजार डॉलरला घेतली होती. बाप नेटिव्ह डान्सर, अमेरिकेतला टीव्हीवर गाजलेला तो करडा घोडा. नताल्मा चांगली धावे, पण तिची चाबकाशी कायमची दुश्मनी होती, आणि 1960 च्या वसंतात केंटकी ओक्स या मोठ्या शर्यतीच्या तोंडावर तिच्या गुडघ्याचं हाड दुखावलं. आता काय करायचं? शस्त्रक्रिया करून वर्षभर वाट बघायची, की तिला पैदाशीला लावायची? घोड्यांचा फळवण्याचा हंगाम संपत आला होता. तरी जूनमध्ये तिला नेआर्क्टिककडे नेलं. घोडी अकरा महिने गाभण राहते. म्हणून शिंगरू जन्मलं 27 मे 1961 ला.

आता ही तारीख का सांगतो आहोत? उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेड घोड्यांचा वाढदिवस 1 जानेवारीला धरतात. जानेवारीत जन्मलेला आणि मे अखेर जन्मलेला, दोघं कागदावर एकाच वयाचे. शाळेत जूनमध्ये कट-ऑफ असतो आणि वर्गात दोन मुलांत अकरा महिन्यांचं अंतर पडतं, तसंच. दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत हे चार-पाच महिने फार असतात. आणि हे शिंगरू उशिरा जन्मलेलं, वर बुटकं.

टेलरची विक्रीची पद्धत लिलावाची नव्हती. दरवर्षी तो आपली सगळी वर्षाची शिंगरं गिऱ्हाइकांना दाखवायचा, प्रत्येकावर ठरलेली किंमत. ठरावीक संख्या विकली गेली की विक्री बंद, उरलेली त्याची. म्हणजे त्यानं चांगला माल मागे ठेवला असं कुणाला म्हणता येऊ नये. नताल्माच्या या शिंगरावर चिठ्ठी होती 25 हजार डॉलरची. लोक आले, बघून गेले. कुणी घेतलं नाही. पूर्ण वाढ झाल्यावरही त्याची खांद्याशी उंची जेमतेम 15.2 हँड भरली. एक हँड म्हणजे चार इंच, तेव्हा 62 इंच. शर्यतीच्या घोड्याला लोक सोळाच्या पुढे बघतात. त्यात अंग गोळीबंद, पाय आखूड. रेसच्या घोड्यापेक्षा पोलोचा तट्टू शोभला असता.

ट्रेनर होता होरेशियो लुरो, मूळचा अर्जेंटिनाचा, ऐटबाज माणूस. त्याला हा घोडा आवडला, पण घोड्याचा स्वभाव आवडला नाही. बापावर गेलेला. अंगावर बसलेल्याला पाडणं हा त्याचा रोजचा खेळ. लुरोनं सुचवलं की याला खच्ची करा, म्हणजे लक्ष धावण्यात लागेल. रेसमध्ये ही नेहमीची गोष्ट आहे, त्यात क्रौर्य शोधायची गरज नाही. मोठमोठे घोडे खच्ची केलेले असतात. टेलर नको म्हणाला. हे एवढंच. कुठली भविष्यवाणी नव्हती त्यात. पण आजच्या जगातल्या बहुतेक सगळ्या शर्यतींचे निकाल त्या एका नकारावर उभे आहेत असं म्हटलं तर ते अतिशयोक्त होणार नाही.

त्याच्या धावण्याबद्दल बोलू. 2 ऑगस्ट 1963, फोर्ट एरी, पहिली शर्यत. जॉकी रॉन टर्कॉट, तेव्हा नवशिका. हाच पुढे दहा वर्षांनी सेक्रेटेरिएटवर बसणार होता. घोडा सहज जिंकला. त्या वर्षी नऊ शर्यती, सात विजय, आणि शेवटी न्यूयॉर्कला जाऊन रेमसन स्टेक्स मारली. पण खुराला उभी चीर पडली होती. अशी चीर म्हणजे महिनोन्‌महिने विश्रांती, म्हणजे पुढच्या वर्षीची डर्बी गेली. मग कॅलिफोर्नियातून एका नालबंदाला बोलावलं. त्यानं चिरेवर रबराचं ठिगळ व्हल्कनाइझ करून बसवलं. टायर पंक्चरवाला करतो तसंच काम, फक्त खुरावर. घोडा काही आठवड्यांत पळायला लागला. अशा कारागिराचं नाव इतिहासात कोपऱ्यात राहतं, याची आम्हाला नेहमी खंत वाटते.

1964 चा वसंत. बिल शूमेकर हा त्या काळचा अमेरिकेतला अव्वल जॉकी. त्यानं नॉर्दर्न डान्सरवर फ्लोरिडा डर्बी जिंकली, आणि मग केंटकी डर्बीसाठी त्याला सोडून हिल राइज नावाचा घोडा निवडला. हिल राइज उंच, देखणा, लांब ढांगा टाकणारा. डर्बी जिंकणारा घोडा कसा दिसावा, अगदी तसा. लुरोनं बिल हार्टॅकला घेतलं. 2 मे 1964 ला चर्चिल डाउन्सवर काय झालं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात या घोड्याचं, आणि पुढे त्याच्या मुलांचं, मर्म आहे. घोळक्यात एक फट उघडली. मोठ्या घोड्याला वेग बदलायला जागा लागते, दोन-चार ढांगा लागतात. छोट्याला लागत नाहीत. नॉर्दर्न डान्सर त्या फटीतून निसटून पुढे गेला, आणि हिल राइजला मोकळी वाट मिळून त्याचा वेग लागेपर्यंत अंतर पडलं होतं. सरळ रस्त्यावर हिल राइजनं ते जवळजवळ भरून काढलं, पण मानेच्या अंतरानं कमी पडला. सव्वा मैल, बरोबर दोन मिनिटं. विक्रम. तो मोडायला 1973 चा सेक्रेटेरिएट यावा लागला. कॅनडात पैदा झालेल्या घोड्यानं केंटकी डर्बी जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

दोन आठवड्यांनी प्रीकनेसही जिंकली, सव्वादोन लेंथनं. तिसरी बेलमाँट, दीड मैल. तिथं तिसरा आला. अंतर पुरलं नाही म्हणणारे आहेत, आणि हार्टॅकनं फार आवरून धरलं म्हणणारेही आहेत. आम्ही त्या वादात पडत नाही. मग जूनमध्ये घरच्या मैदानावर, टोरांटोच्या वुडबाइनला क्वीन्स प्लेट, सव्वासात लेंथनं. त्यानंतर पुढच्या पायाची कंडरा दुखावली आणि कारकीर्द संपली. एकूण 18 शर्यती, 14 विजय, दोन दुसरे, दोन तिसरे. तिसऱ्या क्रमांकाच्या खाली कधीच नाही. कमाई सुमारे 5 लाख 80 हजार डॉलर. 1965 मध्ये कॅनडाच्या क्रीडा गौरव-दालनात त्याचं नाव लागलं. तिथं नाव लागलेला तो पहिला मनुष्येतर खेळाडू.

इथवरची गोष्ट सुंदर आहे, पण अशा गोष्टी रेसच्या इतिहासात इतरही आहेत. डर्बी जिंकलेले घोडे दरवर्षी एक तरी असतातच, आणि त्यातले बहुतेक पैदाशीत विसरले जातात. इथून पुढे वेगळं घडलं.

1965 मध्ये ओशावाला टेलरच्या फार्मवर त्याची फी 10 हजार डॉलर ठेवली. पहिल्या खेपेतच व्हाइसरीगल नावाचा मुलगा निघाला, तो कॅनडाचा सर्वोत्तम घोडा ठरला. दुसऱ्या खेपेत आला निजिन्स्की. त्याची निवड कशी झाली ते ऐका. आयर्लंडचे ट्रेनर व्हिन्सेंट ओब्रायन हे चार्ल्स एंगलहार्ड या अमेरिकन धनिकाच्या सांगण्यावरून कॅनडात आले होते दुसरंच एक शिंगरू बघायला. ते काही त्यांना पटलं नाही. पण परत जाताना त्यांच्या डोळ्यांत हे दुसरं भरलं. एंगलहार्डनं 84 हजार डॉलर मोजले. 1970 मध्ये निजिन्स्कीनं इंग्लंडची ट्रिपल क्राउन जिंकली: टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर. त्याआधी 1935 मध्ये बाहरामनं जिंकली होती. निजिन्स्कीनंतर आजपर्यंत कुणीही नाही.

यातली गंमत लक्षात घ्या. अमेरिकेत धावलेला, मातीच्या ट्रॅकवरचा, बुटका बाप. आणि त्याचा उंचापुरा मुलगा युरोपच्या हिरवळीवर, पावणेदोन मैलांच्या शर्यतीपर्यंत सगळ्यांना भारी. ओब्रायनना उमगलं की या रक्तात काहीतरी आहे. मग ते, रॉबर्ट सँगस्टर आणि जॉन मॅग्निअर, म्हणजे पुढे कूलमोर म्हणून जगप्रसिद्ध झालेली मंडळी, दरवर्षी अमेरिकेत येऊन नॉर्दर्न डान्सरची शिंगरं विकत घेऊ लागली. 1977 मध्ये द मिन्स्ट्रेलनं डर्बी मारली. तो बापासारखाच छोटा. 1984 च्या डर्बीत पहिला सिक्रेटो आणि निसटत्या अंतरानं दुसरा एल ग्रान सेन्योर. दोघांचा बाप एकच.

आकडा सांगायचा तर नॉर्दर्न डान्सरची सुमारे 645 शिंगरं नोंदली गेली, आणि त्यातली 140 हून जास्त स्टेक्स म्हणजे वरच्या दर्जाच्या शर्यती जिंकली. शेकडा बावीस-तेवीस. सर्वसाधारण प्रमाण शेकडा तीनच्या आसपास असतं. म्हणजे दैव, जॉकी, चांगला ट्रेनर, सगळं वजा केलं तरी उरतं ते बरंच. आणि मुलं एका साच्यातली नव्हती. डान्झिग हा वेगाचा, सॅडलर्स वेल्स हा दीड मैलाचा. न्युरेयेव्ह, लिफार, स्टॉर्म बर्ड, प्रत्येकाची चाल वेगळी. बापाकडून मिळालेलं समान काय, तर झटकन वेग बदलण्याची ताकद, आणि लढायची खोड.

आता पैसा. 1983 च्या जुलैत केंटकीच्या कीनलँड लिलावात नॉर्दर्न डान्सरच्या एका शिंगरावर सँगस्टरची मंडळी आणि दुबईचे शेख मोहम्मद यांच्यात चढाओढ लागली. बोली गेली 1 कोटी 2 लाख डॉलरवर. लिलावाचा बोर्ड सात आकड्यांपुरताच होता, तो शून्यावर आला. शेखांनी घेतलेल्या त्या घोड्याचं नाव स्नाफी डान्सर. तो एकही शर्यत धावला नाही. पैदाशीला लावला तर जवळपास वांझ निघाला, मोजून चार शिंगरं. पुढच्या वर्षी त्याच लिलावात नॉर्दर्न डान्सरची बारा शिंगरं विकली, सरासरी 34 लाख 46 हजार 666 डॉलर. घोडी दाखवण्याची फी दहा लाख डॉलरपर्यंत गेली, तीही विनाहमी. एरवी करारात अट असते: शिंगरू जन्मून उभं राहिलं, आईला प्यायलं, तरच पैसे. इथं घोडी गाभण राहिली नाही तरी पैसे गेले. घोडा तेव्हा विशीच्या पुढे गेला होता. 1981 मध्ये, वीस वर्षांच्या त्या म्हाताऱ्यासाठी 4 कोटी डॉलरची मागणी आली होती, ती मालकांनी नाकारली.

हे वेडेपण होतं का? थोडं होतंच, आणि पुढच्या काही वर्षांत तो फुगा फुटला. पण त्यामागचा हिशोब वेडा नव्हता. शर्यतीच्या बक्षिसातून कोटीभर डॉलर वसूल होणं शक्यच नव्हतं. वसुली व्हायची ती पैदाशीतून. एक सॅडलर्स वेल्स निघाला की उरलेल्या नऊ फसलेल्यांचे पैसे निघाले. म्हणजे घोडा विकत घेणारा माणूस आता शर्यत विकत घेत नव्हता, वंश विकत घेत होता. आमच्या मते या विषयातलं खरं वळण हे आहे. केंटकी डर्बी त्या मानानं लहान गोष्ट.

आणि सॅडलर्स वेल्स खरोखरच निघाला. ब्रिटन-आयर्लंडमध्ये सर्वोत्तम बाप म्हणून तो 14 वेळा पहिला आला. त्याचा मुलगा गॅलिलिओ 12 वेळा. गॅलिलिओचा मुलगा फ्रँकेल, 14 शर्यती, 14 विजय. तिकडे डान्झिगचा मुलगा डेनहिल. त्याला कूलमोरनं विमानानं ऑस्ट्रेलियाला नेलं. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे, त्यामुळे उत्तरेतला हंगाम संपला की घोडा तिकडे दुसरा हंगाम करू शकतो. एकाच वर्षात दोन हंगाम. ऑस्ट्रेलियात डेनहिल नऊ वेळा पहिला आला. जपानमध्ये नॉर्दर्न टेस्ट दहा वेळा पहिला. कॅनडात व्हाइस रीजंट. भारताकडे आपण शेवटी येऊच.

इथं एक गणित करून पाहू, म्हणजे गैरसमज राहणार नाही. नॉर्दर्न डान्सरनं 22-23 हंगाम काम केलं आणि 645 शिंगरं दिली. वर्षाला साधारण एकोणतीस. ही संख्या अगदी माफक आहे. त्या काळी चाळीसेक घोड्या म्हणजे भरपूर मानत. आज लोकप्रिय घोड्याकडे एका हंगामात दीडशे, दोनशे आणि कधी त्याहून जास्त घोड्या येतात. पशुवैद्यकशास्त्र सुधारलं, स्कॅनिंगनं घोडी नेमकी कधी फळेल ते कळतं. म्हणजे जग व्यापलं ते नॉर्दर्न डान्सरनं नाही. त्याच्या मुलांनी आणि नातवांनी, मोठ्या संख्येच्या जमान्यात, व्यापलं. आजोबांचं दुकान एक होतं, साखळी नातवांनी काढली.

मग अडचण सुरू होते. पुस्तक बंद आहे, हे सुरुवातीला म्हटलं ते इथं लागतं. सॅडलर्स वेल्सच्या हजारो नाती आणि डेनहिलच्या हजारो मुली झाल्या, की त्यांना नवरा कुठून आणायचा? आपल्याकडे सगोत्र टाळण्यासाठी लोक आजोळचं गोत्रसुद्धा विचारतात. इथं सगळा गावच एका गोत्राचा झाला. फ्रँकेलचंच बघा. बापाकडून तिसऱ्या पिढीत नॉर्दर्न डान्सर, म्हणजे पणजोबा: फ्रँकेल, गॅलिलिओ, सॅडलर्स वेल्स, नॉर्दर्न डान्सर. आईकडून चौथ्या पिढीत: काइंड, डेनहिल, डान्झिग, पुन्हा नॉर्दर्न डान्सर. पणजोबाचा सरासरी वाटा एक अष्टमांश, खापरपणजोबाचा एक षोडशांश. बेरीज तीन षोडशांश, शेकडा एकोणीसच्या आसपास, एकाच पूर्वजाकडून.

एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही, हेही सांगितलं पाहिजे. अंतःप्रजननाच्या हिशोबात फ्रँकेलची ही जुळणी फार सौम्य आहे. याहून जवळच्या जुळणीतून चॅम्पियन निघालेले आहेत. एनेबल ही घोडी, 2017 आणि 2018 अशी दोनदा पॅरिसची आर्क जिंकलेली. तिचा पणजोबा सॅडलर्स वेल्स आणि आईचा बापही सॅडलर्स वेल्स. चुलत किंवा मामे भावंडांच्या लग्नातून झालेल्या मुलाइतकं ते नातं जवळचं. आणि डेनहिलच्या दोन्ही बाजूंना तिसऱ्या पिढीत नताल्मा आहे, तीच दुखऱ्या गुडघ्याची. तेव्हा पैदास करणारे लोक सहज म्हणतात, बघा, काही बिघडत नाही.

पण हा युक्तिवाद कच्चा आहे. जिंकलेली एनेबल आपल्याला दिसते. जी शिंगरं शर्यतीच्या रांगेपर्यंत पोचलीच नाहीत, त्यांची नावं कुणी लक्षात ठेवत नाही. त्याच डब्लिनच्या गटानं पुढे युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या घोड्यांवर हेच मोजलं. अंतःप्रजनन जितकं जास्त, तितकी घोडा एकदा तरी शर्यतीत उतरण्याची शक्यता कमी. हरण्या-जिंकण्याची गोष्ट वेगळी, मुळात उतरण्याचीच. शिवाय 2020 च्या अभ्यासात दिसलं की गेल्या पन्नासेक वर्षांत हे प्रमाण वाढतच गेलं आहे, आणि एका देशात नाही, जवळपास सगळीकडे. अशी वाढ एका पिढीत दिसत नाही. कर्जाच्या व्याजासारखी ती साठते.

यावर उपाय करून पाहिला गेला. अमेरिकेच्या जॉकी क्लबनं 2020 मध्ये नियम केला: 2020 पासून जन्मलेल्या घोड्यांना पुढे वर्षाला 140 घोड्यांच्या वर घेता येणार नाहीत. मोठ्या स्टड फार्मांनी 2021 मध्ये न्यायालयात धाव घेतली. म्हणणं असं की हा व्यापारावर घाला आहे. केंटकीच्या विधिमंडळातही हालचाल झाली. फेब्रुवारी 2022 मध्ये क्लबनं नियम मागे घेतला. आम्हाला स्वतःला ही माघार चुकीची वाटते. 140 हा आकडा काही पवित्र नव्हता, पण कुठेतरी रेघ हवी होती. ज्याची घोडी आहे त्याला आजचं शिंगरू विकायचं असतं, आणि ते विकलं जातं बापाच्या फॅशनवर. तीस वर्षांनंतरच्या जातीची काळजी कुणा एकाच्या हिशोबाच्या वहीत येत नाही.

वेगळ्या रक्ताचा म्हणून ज्याचं नाव घेतात त्या जपानच्या संडे सायलेन्सचंही एक सांगतो. त्याचा वंश नॉर्दर्न डान्सरचा नाही, हे खरं. जपाननं त्याला नॉर्दर्न टेस्टच्या मुलींवर वापरलं आणि मोठं यश मिळवलं. पण संडे सायलेन्सचा बाप हेलो, हेलोची आई कॉस्मा. आणि कॉस्मा व नताल्मा या एकाच आईच्या मुली, अल्माहमूद नावाच्या घोडीच्या. बाहेरचा म्हणून आणलेला जावईसुद्धा मावशीकडचाच निघाला.

घोडा स्वतः 1987 च्या एप्रिलमध्ये मेरीलँडला पैदाशीतून निवृत्त झाला. 1968 च्या अखेरीस टेलरनं त्याला तिकडे हलवलं होतं. 16 नोव्हेंबर 1990 ला तो गेला, वय 29. त्याच रात्री लाकडी पेटीतून त्याला सीमेपलीकडे ओशावाला नेलं आणि जन्मला त्या तबेल्याजवळ पुरलं. 2009 मध्ये ते फार्म बंद झालं. बरीचशी जमीन विद्यापीठ आणि घरबांधणीकडे गेली. कबर अजून तिथंच आहे.

दोन-तीन प्रश्न आले आहेत, तेवढे घेऊ.

पहिला: गाई-म्हशींमध्ये कृत्रिम रेतन सर्रास चालतं, घोड्यांत का नाही? थरोब्रेडच्या पुस्तकात नाव हवं असेल तर नैसर्गिक संयोगच पाहिजे, हा जगभरचा नियम आहे. ऑस्ट्रेलियात याविरुद्ध खटला झाला, 2012 मध्ये न्यायालयानं बंदी कायम ठेवली. यात पैशाचं राजकारण आहे, नाही असं नाही. फी टिकवायची तर माल दुर्मीळ हवा. पण आजच्या विषयापुरतं बोलायचं तर बंदी बरीच आहे. नैसर्गिक पद्धतीत घोड्याला तरी मर्यादा आहे. रेतन खुलं झालं तर एका गॅलिलिओची वर्षाला हजारो शिंगरं होतील.

दुसरा प्रश्न भारताबद्दल. हो, आपल्याकडे थेट दुवा आहे. रझीन नावाचा नॉर्दर्न डान्सरचा मुलगा, 1987 चा, म्हणजे बापाच्या शेवटच्या खेपांपैकी. इंग्लंडात हेन्री सेसिलकडे होता, 1990 च्या डर्बीत त्याच्याकडून मोठी आशा होती, ती काही फळली नाही. मग तो हरियाणातल्या उषा स्टडवर आला आणि इथं वर्षानुवर्षं आघाडीचा बाप राहिला. युरोपनं नाकारलेला, आणि तरी रक्त तेच. महालक्ष्मीला किंवा पुण्याला गेलात तर रेसबुकात घोड्याच्या नावाखाली आई-बापाची नावं असतात, ती नुसती वरवर वाचू नका. घरी आल्यावर चार पिढ्या मागे जाऊन बघा, किती वेळा एकच नाव भेटतं ते.

शेवटचा प्रश्न मार्मिक आहे: वंशावळ एवढी बोलकी असते, तर मग 25 हजारांना गिऱ्हाईक का मिळालं नाही? कारण तेव्हा ती वंशावळ आजच्यासारखी दिसत नव्हती. नेआर्क्टिकची ही पहिलीच खेप, त्याचं एकही शिंगरू अजून धावलेलं नव्हतं. नताल्माचंही हे पहिलंच. डोळ्यांसमोर होतं ते उशिरा जन्मलेलं, आखूड पायांचं एक शिंगरू. आणि 1962 मध्ये त्या पैशात उंच घोडा मिळत होता.